पुरवणीतला फोटो

स्नेहलतागंजातला आमचा हॉल,
टायरच्या दुकानावर, जिना मागून.
शनिवारी तो आला, कॅमेरा गळ्यात.
चहा विचारणार होते, पण आमच्यात चहा नाही.
सरबत दिलं. त्यानं वहीत लिहून घेतलं:
चहा नाही.

पहिलाच प्रश्न: ताई, तुमच्या मिस्टरांना...
म्हणजे, तुम्ही एकट्याच ना?
म्हटलं, बाबा, एकीलाच पुरत नाही त्यांचा पगार.
तो हसला नाही.
कुठल्याशा मालिकेतून पाहून आला होता
गळाबंद झग्यातल्या बाया,
एकाच पुरुषाच्या अंगणात धुणं वाळत घालणाऱ्या.
तो झगा माझ्या अंगावर शोधत राहिला.
मी माहेश्वरीत,
आणि खुर्च्या मोजत होते:
बेचाळीस. त्यातल्या सहा मोडक्या.

खिडकीशी उभ्या राहा, म्हणाला.
पदर डोक्यावर. हसू नका.
जरा लांब बघा, सुटकेची वाट बघावी तसं.
लांब एका दातांच्या डॉक्टरची पाटी होती.
मी ती दोनदा वाचली.

छापून आलं: मॉर्मन घरातलं मौन.
खाली नाव, सरोजिनी अमोलिक,
अमोलिकचं अमोलकर झालेलं.
बर्वेबाई कात्रण घेऊन आल्या, डोळे भरलेले.
कधी बोलला नाहीत हो!

मी? मौनात?
गुरुवारी स्कूटीवर अकरा घरं करते मी,
कुणाची बाळंतीण, कुणाचं डायलिसिस,
कुणाची फी भरायची राहिलेली.
मौन कशाशी खातात ते
आमच्या घरी त्यांना विचारा.

पण एक आहे.
रविवारी सातला छावणीतल्या बेकरीतून
पाव मी आणते. ऊन ऊन.
वर झाकायचं कापड माझं, इस्त्री माझी.
नऊला माझा योएल, वय वर्षं सोळा,
ओला टॉवेल अजून गादीवर टाकणारा,
पांढऱ्या शर्टात गुडघे टेकतो
आणि त्या पावावर आशीर्वाद मागतो.
मला ती प्रार्थना तोंडपाठ आहे.
म्हणायची त्यानं.
त्याचा आवाज मधेच फाटतो
आणि माझे डोळे भरतात, दर रविवारी,
कौतुकानं की आणखी कशानं,
ते मी अजून नीट बघितलेलं नाही.

हे विचारलं असतंस, पोरा,
तर बेचाळीसातली एक धड खुर्ची ओढून
बसले असते समोर.
पदर असेल तिथे असू दिला असता.
आणखी एक लिंबू पिळलं असतं.