थांबली की तापते

द्वारकाच्या लाल दिव्याला काटा वर जातो,
आडगावच्या रस्त्याला लागलं की खाली येतो.
निकुंभ बाई एवढंच सांगतात
आणि मागच्या सीटवरचे अठ्ठावीस डबे
जुन्या साडीच्या तुकड्याने पुन्हा झाकतात.
"धावताना बरी असते हो. थांबली की तापते."

मुनाफचाचा स्टुलावरून म्हणतात,
धावताना वारा फुकट मिळतो,
थांबल्यावर स्वतःचा लागतो.
पंखा बघ, पोरी.

चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय.
ते कानांनी बघतात, मी बोटांनी.

बॉनेट उघडते. वाफ नाही, नुसता गोडसर वास
कूलंटचा, आणि त्यात मटकीच्या उसळीचा.
झाकण उघडू नको, चाचा म्हणतात.
दर वेळी म्हणतात.
दर वेळी मी त्यांच्या मनगटावरचा
भाजल्याचा डाग बघते.

एसी लावला. पंखा गप्प.
लाकडी पट्टीने पातं ढकललं, सैल फिरलं, अडकलेलं नाही.
फ्यूज उजेडाला धरला,
आतली तार अखंड, केसाएवढी.
मग पंख्याचा रिले हॉर्नला, हॉर्नचा पंख्याला.
हॉर्न वाजला.
पुढचा रिक्षावाला उगाच वळून खेकसला.
पंखा गप्पच.

"टिक ऐकलीस?"
"ऐकली."
"म्हणजे हुकूम पोचतोय. हात हलत नाही."

मोटर गेली का, बाई विचारतात.
सिडकोतल्या एकाने बेचाळीसशे सांगितलेत.
बेचाळीसशे हा आकडा त्या असा उच्चारतात
जसा घरातल्या कुणाचा ताप सांगावा.

सॉकेट सोडवलं. दोन वायरी थेट बॅटरीवरून.
भर्र!
धूळ, चुरगळलेली पावती, पिंपळाचं एक पान,
सगळं एकदम उडालं, बाई दोन पावलं मागे.
जिवंत आहे की मोटर.

"मग अर्थ सुटला असेल," चाचा.
बाई दचकून माझ्याकडे बघतात.
त्या बारा वर्षं विनाअनुदानित शाळेत
मराठी शिकवायच्या, डबे त्यानंतरचे.
"अर्थ?"
काळ्या वायरीला म्हणतात आमच्यात.
लालमधून करंट येतो, काळीतून परत जातो,
बॉडीत, पत्र्यात.
"आणि परत जायला वाट नसेल तर?"
तर येतच नाही, बाई.

हेडलाइटच्या मागे, खांदा मोडेस्तोवर हात घालून,
सापडला: एक बोल्ट,
देवळातल्या जुन्या तांब्यासारखा हिरवा,
वायर त्याला नुसती टेकलेली.
पॉलिश पेपर. पत्रा चांदीसारखा होईपर्यंत.
दहाचा पाना, अडीच आटे,
वरून व्हॅसलिनचं एक बोट.

इंजिन चालू, गाडी उभी.
आम्ही काट्याकडे बघत. अर्ध्यावर.
अर्ध्याच्या वर, सुतभर.
चाचांची मान माझ्या आधी उचलली गेली.
टिक. आणि वारा.

किल्ली काढली तरी फिरतच राहिला.
"अगं बाई, आता थांबेचना!"
थांबेल. ह्या गाडीत असंच असतं.
आत अजून गरम आहे, इंजिन बंद झालं म्हणून काय झालं.
बाई बॉनेटवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या,
काही बोलल्या नाहीत.
हळूहळू जाळीमागची पाती
वेगवेगळी दिसायला लागली. पाच होती.
"थांबला," चाचा म्हणाले, भिंतीकडे बघत.

शंभर रुपये झाले.
जाताना एक डबा पान्यांशेजारी ठेवून गेल्या,
जास्तीचा आहे, म्हणाल्या.

मी मोजले होते. नव्हता.