पान चौदा

निवडणूक लागली की साखर पेठेतला आमचा छापखाना
रात्रीही बंद होत नाही.
शेजारी यंत्रमाग, इकडे आमचं मशीन,
कुणाचा खडखडाट कुठला, ते पहाटेपर्यंत कळत नाही.
मी जुळणी करते.
महिलांचं पान बहुतेक चौदावं येतं,
रस्ते, पाणी, विमानतळ झाल्यावर,
क्रीडासंकुलाच्या जरा आधी.

पद्धत सोपी आहे.
मागच्या वेळची फाईल उघडायची,
एका पक्षाचं नाव शोधायचं, दुसऱ्याचं टाकायचं.
संगणक विचारतो, सगळीकडे बदलू?
मी हो म्हणते.
एकोणचाळीस ठिकाणी बदल झाला, असं तो कळवतो.
काय बदललं, ते त्याला विचारता येत नाही.

सात वर्षांपूर्वी माझ्याच हातून एक चूक झाली :
'सुरक्षीत'. दुसरी वेलांटी.
आज ती चार पक्षांच्या वचनात आहे.
एकानं जरी ते पान वाचलं असतं
तर सापडली असती.

परवा नरहरी दुड्याल आला मसुदा घेऊन.
प्रभाग सरचिटणीस. गळ्यात पक्षाचा पंचा.
"ताई, महिलांचं तेवढं ठळक करा.
शून्य सहनशीलता, लाल अक्षरात घ्या."
लाल म्हणताना त्यानं बोट ठेवलं कागदावर.
बोटांची पेरं सोललेली, वर हळद.
मी विचारलं नाही.
आकार किती घेऊ, एवढंच विचारलं.

त्याची बायको श्यामला सिव्हिलमध्ये, जबड्याला तार.
केसपेपरवर लिहिलंय : नळावर घसरली.

तिची आई राजव्वा संध्याकाळी येते,
कागदाच्या कातरणी चुलीला नेते विडी घरकुलात.
त्या दिवशी पोतं भरलंच नाही तिनं.
खराब निघालेला एक ताव उचलला, म्हणाली,
"वाच की. मला तेलुगूच येतंय तेवढं."
मी वाचलं. सगळं. लाल अक्षरंसुद्धा.

तिनं कागद अंगठ्यानं चोळला,
तेंदूचं पान चोळून बघावं तसा.
"आमच्यात हजार वळून दिल्या
तर चेकर मूठभर उचलतो,
एक सैल निघाली की अख्खं पुडकं फेकतो तोंडावर.
छाट म्हणतेत त्याला.
ह्येची छाट कोण करतंय?"

मी गप्प.
"आघाडीची बाई आलती दवाखान्यात, मोसंब्या घिऊन.
म्हणली, मतदान होऊ दे,
मग बसून मिटवू."

मग तिनं विचारलं,
"ह्यात नरहरीचं नाव हाय का कुठं?"
आहे, म्हटलं.
शेवटच्या पानावर. मसुदा समिती, सदस्य, अनुक्रमांक पाच.

राजव्वा हसली नाही, रडलीही नाही.
तावाची घडी घातली चार पदरी, चोळीत ठेवली.
पोतं तसंच राहिलं दारात.

रात्री मी ती फाईल पुन्हा उघडली.
'सुरक्षीत' वर कर्सर नेला.
लुकलुकत राहिला.
दुरुस्त नाही केलं.
राहू दे. खूण राहील,
कुणी कधी वाचायला बसलंच तर.

सकाळी मालकाला ताप आल्याचं कळवलं, म्हणजे मला,
आणि राजव्वाबरोबर पोलीस ठाण्यात गेले.
हवालदार म्हणाला, आचारसंहिता आहे,
सगळे बंदोबस्तात, निकालानंतर या.
त्याच्या टेबलावर चहाचा कप,
कपाखाली आमचाच कागद, लाल अक्षरांवर गोल डाग.

राजव्वानं कप उचलला, बाजूला ठेवला.
कागद पालथा केला.
मागची बाजू कोरी होती.
"ह्यावर ल्हिवा," ती म्हणाली.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पेनाचं टोपण काढलं.

"नाव?"

श्यामला, मी सांगितलं.
श ला य जोडा, त्याला काना.
मग म.
ल ला काना.
टोक कागदावर फिरेपर्यंत मी वाकून पाहत राहिले.