नाव नंतर कळवू

जुलैची शेवटची रात्र. विचिटाबाहेरच्या मोटेलात
एसी खोकतोय, आणि मर्ल हॅगस्ट्रॉम
बूट न काढता पलंगावर बसलाय.
मांडीवर वही, वहीत एकोणचाळीस वर्षांचे
दुसऱ्यांच्या मुलांचे हिशेब.

फोनवर ऑफिसातला पोरगा, वय चौतीस,
बोलतो तेही दशांशचिन्हासकट :
"तीन देतोय, एक घेतोय. त्या शॉर्टस्टॉपला
तू अकरा वेळा पाहिलंयस. हो की नाही, एवढंच सांग.
उद्या संध्याकाळी खिडकी बंद."

पाहिलंय.
दारिएल, बावीस वर्षांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये
जिथे चेंडू सगळ्यात खोडसाळ उसळतो
त्या लालसर मातीत तो असा उभा असतो
जसं कुणी दूध तापत ठेवून ओट्याशी उभं असावं :
लक्ष भलतीकडेच वाटतं,
हात मात्र आधीच निघालेला.
बॅटचा आवाज यायच्या आत त्याची टाच उचलते.
हे मर्लने वहीत लिहिलेलं नाही.
कुठे लिहिणार?
तसा रकानाच नाही.

आणि ते तीन?
कोल्बी, नेब्रास्काचा कॅचर. गुडघे
कधीतरी बोलायला लागतील, आज गप्प आहेत.
एडिल्सन, डावखुरा पिचर, एकोणीस पूर्ण.
अझुआच्या ज्या मैदानात तो सापडला
तिथे तिसरा बेस म्हणजे तेलाचा चेपलेला डबा
आणि सेंटर फील्डला एक शेळी,
जिला कुणीच आउट देत नव्हतं.
सही करण्याआधी त्याच्या आईने, दोन्या ऑब्दुलियाने,
कोंबडीचा सगळ्यात मोठा तुकडा मर्लच्या ताटात वाढला
आणि दुभाष्याकरवी विचारलं,
"हा कुणाकडे चाललाय?"
"माझ्याकडे," मर्ल म्हणाला.
त्या उन्हात, त्या ताटापुढे,
ते खोटं नव्हतं.

तिसऱ्याचं नाव नंतर कळवू.
हो, करारात असंच लिहितात.

एकोणऐंशी साली मर्ल स्वतः
ते नाव होता. साडेचार महिने.
कुणाच्या बदल्यात, ते पेपरात वाचून कळलं :
एक फर्स्ट बेसमन, थकलेला, पाठीला पट्टा लावणारा.
बायकोने त्याच आठवड्यात पडदे शिवून लावले होते.
ती खुर्चीवर चढून एकेक कडी काढत राहिली
आणि काहीच बोलली नाही.
यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अरे, ही तिघं म्हणजे बाजारातल्या तुरी,"
पोरगा म्हणतो. (त्याच्या भाषेत हे वेगळं म्हणतात,
पण तुरी त्याच.)
खरं आहे. शंभरातली नव्वद मुलं
तिशीला गोदामात खोकी उचलतात,
आणि त्यांच्या खांद्याचं एमआरआय
मर्लला न मागता दिसतं.
आणि तिकडे गेटवर तिकिटं फाडणारी इर्मा वोदिचका
एकोणतीस वर्षं दर ऑक्टोबरात म्हणते, "पुढच्या वर्षी",
आपण 'बघू' म्हणतो ना, त्याच आवाजात.
तिचा कंबरेचा बेल्ट आता शेवटच्या भोकावर आलाय.
तिला किती पुढची वर्षं द्यायची?

"मर्ल? आहेस ना?"

"हो."

"हो म्हणजे आहेस, की हो म्हणजे हो?"

तो टाच आठवतो. फक्त ती टाच,
मातीपासून बोटभर वर.
"हो म्हणजे हो," तो म्हणतो. "पण तिसऱ्याचं नाव
आत्ताच ठरवा. मुलाला आजच सांगा."
पोरगा हसतो. चांगला पोरगा आहे, वाईट हसत नाही.
फोन बंद.

मर्ल एक बूट काढतो. दुसरा तसाच.
वहीत मागे मागे जातो, तेलाचा डाग पडलेल्या पानापर्यंत.
अझुआ एक तास पुढे आहे, तिथे मध्यरात्र उलटलेली.
आज दुभाष्या नाही.
तिच्या भाषेतले तीन शब्द त्याला येतात,
त्यातला एक कोंबडी.

तो नंबर लावतो.
पहिल्याच रिंगला ती उचलते.