चौदा दिरहमचं घर

चौदा दिरहमचा टब.
अजमानचा दुकानदार म्हणाला, झाकणाचे वेगळे.
नको म्हटलं. ह्याला वर आकाश लागतं,
म्हणजे एका कोपऱ्यात साठ वॉटचा बल्ब.

दुसरा कोपरा गार ठेव, मुकादम म्हणाले,
जिवाला उन्हातून उठून जाता आलं पाहिजे.
त्यांनी स्वतः बारा वर्षं सळया बांधल्या, उघड्यावर.

काथ्याचा भुसा भिजवून पसरला.
तासभर खोलीला गुहागरचा वास,
मग तो एसीनं ओढून घेतला.

टब आरपार दिसणारा, तिथंच चुकलं.
दोन दिवस कासवाचं पिल्लू भिंतीतच चालत राहिलं
नखं घाशीत, पलीकडच्या माझ्या चपलांकडे.
भिंत दिसत नसेल तर थांबायचं कुठं?
शेवटी बासमतीची गोणी कापून
चारी बाजूंनी चिकटवली.
थांबलं. कडेला टेकून झोपलं.

मीही प्लायवूडला पाठ लावून झोपतो.
पलीकडे शिबू घरच्यांशी बोलत असतो, हळू,
मला न कळणाऱ्या भाषेत.

ऑगस्टात गार पाण्याचा नळसुद्धा पोळतो,
म्हणून त्याच्या आंघोळीचं पाणी रात्रीच काढून ठेवतो.
जरजीरची जुडी एक दिरहम:
पानं त्याला, देठ माझ्या डाळीत.

परातीहून मोठं होईल, मुकादम सांगतात,
आपण गेल्यावरही चालत राहील.
माझा व्हिसा मार्चपर्यंत.

बल्बच्या वर, भिंतीवर, पेन्सिलनं लिहिलंय:
एकतीस ग्रॅम.
त्याखाली कालचं. तेहतीस.