भूमिका क्रमांक सतरा

क्लायपेडा, ऑक्टोबर. शाळेच्या व्यायामशाळेत
आम्ही साठ जण, गळ्यात एकेक पुठ्ठा.
माझ्यावर लिहिलंय:
वय सव्वीस. गरोदर. भाषा कळत नाही. रडावे.
मी अडुसष्टची. जिना उतरताना गुडघे धरते.
वीतेनिस म्हणाला, चालेल हो दांगुओलेबाई,
आवाज तेवढा मोठा काढा.

बंदरात स्फोट झालाय, असं धरून चालायचं.
छोटाच. काचा फुटाव्यात इतका.
पण धुरात कुणीतरी काही मिसळलंय,
ज्याला वास नाही, रंग नाही.
आज त्याच्या जागी एक पूड आहे,
जांभळ्या दिव्याखाली चमकणारी.
ती आमच्या बाह्यांवर, भुवयांवर आहे.
एकाच्या सँडविचवरही.

आत जा, वीतेनिस सांगतो, आतच थांबा.
दारं-खिडक्या लावा.
वरचे कपडे काढा. झटकू नका.
पिशवीत घाला, गाठ मारा.
एवढ्यानेच बरीचशी धूळ गेली समजा.
कोमट पाणी, साबण. कातडी सोलू नका.
केसांना कंडिशनर नको, तो धूळ धरून ठेवतो.
मग रेडिओ ऐका.

इतकं सोपं? मागून कुणीतरी.
इतकंच, तो म्हणतो, आणि स्वतःचाच घाम पुसतो.

मी रडायचं विसरते.

मला एक टब दिसतो, जस्ताचा, आमच्या स्वयंपाकघरातला.
रिमगाउदास चेर्नोबिलहून परतला होता,
सहा आठवडे तिथली छपरं धुऊन.
त्याचा गणवेश मी हातांनी चोळला.
दोनदा, कारण शिवणीतली माती निघत नव्हती.
मुलगा त्याच पाण्यात कागदी होडी सोडत होता
आणि मी म्हणत होते, बुडव बुडव, बघू तरते का.

पिशवीत घाला, गाठ मारा.
चार शब्द. कुणाकडेच नव्हते का तेव्हा?
होते.
रेडिओ मिठाची गुळणी धरून बसला होता.

मुलगा धडधाकट आहे. डब्लिनला ट्रक चालवतो.
रक्ताचा रिपोर्ट पाठव म्हटलं की चिडतो.
रिमगाउदास गेला, हृदयाने.
कुणी काही सिद्ध केलं नाही. मीही नाही.

आता रांग. यंत्र गप्पच आहे, असायलाच हवं,
म्हणून वीतेनिस तोंडानेच टिक टिक करतो.
लोक हसतात.
माझ्यापुढे झिगमास, क्रेनवरून निवृत्त,
दोन्ही हात वर करून, पोट आत ओढून.
यंत्र गळ्याशी येतं
आणि खरंच वाजू लागतं.

हसू तिथल्या तिथे सुकलं.
तेलाच्या तवंगात साबणाचा थेंब पडावा
तसं त्याच्याभोवती रिकामं झालं.
एका बाईने नातीचा हात ओढला.
मघाशी सँडविच वाटून खाल्लं होतं तिघींनी त्याच्याबरोबर.

थायरॉइड, झिगमास म्हणाला.
औषध दिलंय, तेच वाजतंय. चौदा दिवस झाले.
डॉक्टरांचा कागद आहे ना. कोटात.
कोट पिशवीत होता. पिशवीला गाठ.

धोका नाही, वीतेनिसने मोठ्याने सांगितलं.
पुन्हा सांगितलं.
सगळ्यांनी मान हलवली, पाय कुणी हलवला नाही.
झिगमासचे हात अजून वरच होते.
खाली घ्या, असं त्याला कुणी म्हटलंच नव्हतं.

मी, सव्वीस वर्षांची, गरोदर, भाषा न कळणारी,
दोन पावलं पुढे झाले आणि त्याचा एक हात खाली घेतला.
जड होता. गार होता.
तुम्ही रडणार होतात ना, तो पुटपुटला.
थांबा हो, म्हटलं, येतंय.

संध्याकाळी कोट परत मिळाले.
फॉर्म भरला: सूचना चांगल्या, पाणी गार.
बाहेर समुद्राकडून वारा.
मी कोट हातात घेतला
आणि सवयीने, अंगात घालण्याआधी,
दोन्ही खांद्यांना धरून जोरात झटकला.

वीतेनिसने बघितलं.
काही बोलला नाही.