सहा म्हणजे उजवीकडे

चिलोए बेटावर, कास्त्रोच्या बंदर कार्यालयात,
जिथे फळ्यांच्या भिंतीतून वारा आत येतो
आणि टेबलावरचे कागद चाळून जातो,
मी सगळ्या होड्या आडव्या पाहिल्या.

परवान्याचं नूतनीकरण. फोटो सक्तीचा.
केयोनहून, केइलेनहून, दालकावेहून
कोळ्यांनी फोनवरून पाठवलेल्या होड्या:
एकीची डोलकाठी क्षितिजासारखी निजलेली,
एकीचा समुद्र भिंतीसारखा उभा,
तिसरी तर सरळ आभाळावर तरंगणारी,
आणि तिचा मालक पाय वर करून
आम्हाला हात दाखवतोय.

इर्मा बारियाने सहा आठवडे
मान वाकडी करून नोंदी केल्या.
बुधवारी ती गळ्याला पट्टा लावून आली
आणि काही न बोलता माझ्या टेबलाशी उभी राहिली.

तेव्हा मी फोटो उघडले. चित्र नव्हे,
चित्राच्या आधीचा तो अंधारा माळा.
तिथे प्रत्येकाने एक चिठ्ठी ठेवलेली:
मला काढताना फोन असा धरला होता.
एक म्हणजे सरळ. तीन म्हणजे डोक्यावर.
सहा म्हणजे उजवीकडे वळव, आठ म्हणजे डावीकडे.
फोन खोटं बोललेच नव्हते.
आमचा सर्व्हर चित्र लहान करताना
चिठ्ठी न वाचता केरात टाकत होता.

अकरा ओळी लिहिल्या.
चिठ्ठी वाच. चित्र फिरव. मग लहान कर.
आणि चिठ्ठी जपून ठेव, टाकू नकोस.
संध्याकाळी बघते तो होड्या पुन्हा आडव्या,
फक्त आता दुसऱ्या कुशीवर.

सर्व्हरने फिरवलं होतं,
मग ब्राउझरने तीच चिठ्ठी प्रामाणिकपणे वाचून
पुन्हा फिरवलं होतं,
जेवून आलेल्या पाहुण्याला
दुसऱ्या घरीही पानावर बसवावं तसं.

बारावी ओळ मग:
काम झालं की चिठ्ठीवर 'एक' लिही.

गुरुवारी चारशे बारा होड्या उभ्या राहिल्या.
इर्मा हसली. पट्टा मात्र काढला नाही,
डॉक्टरने दहा दिवस सांगितले होते.

एकच राहिली. 'पोर्फियादा', पिवळी,
मालक एलिसेओ नाउएलकिन, वय एकाहत्तर.
चिठ्ठीवर स्वच्छ 'एक', आणि तरी आडवी.
जुना फोन, मला वाटलं, चुकला असेल.
मी हातानेच फिरवली,
डोलकाठी वर केली
आणि घरी गेले.

सोमवारी फोन वाजला.
आवाजात लाकडाच्या धुराचा खोकला.
"बाई, माझा समुद्र का उभा केलात?"

मी पुन्हा पाहिलं. या वेळी होडी सोडून बाकीचं.
पाण्याची रेघ खालून वर गेलेली.
टेकडीवरच्या मेंढ्या कड्याला चिकटलेल्या.
चिखलात तीन माणसं, घोट्यापर्यंत बूट,
माझ्या बोटाच्या एका टिचकीने
हवेत आडवी झालेली.

ओहोटी होती.
पाणी लांब गेलं होतं, आणि होडीला कुशीवर टेकवून
ते तिच्या पोटाच्या फटींत सुंभ ठासत होते,
वरून डांबर.
सहा तासांनी भरती येणार होती;
तिला उभं करायचं काम भरतीचं.

"वर्षातून दोनदा ती अशी निजते," तो म्हणाला.
"तिचा माझ्याकडे हाच फोटो आहे.
डावीकडचा माझा भाऊ."
भावाबद्दल त्याने पुढे काही सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

मूळ फाइल मी पुसली नव्हती, नशीब.
ती परत जागेवर ठेवली,
आणि कोडमध्ये, बाराव्या ओळीच्या वर,
पुढच्या माणसासाठी लिहिलं:
एक असेल तर हात लावू नये.

इर्मा मागे येऊन उभी होती.
"परवान्याला क्रमांक लागतो," ती म्हणाली,
"नाळेवरचा. दिसतोय का?"
"दिसतोय. पण आडवा."

तिने सुस्कारा टाकला,
पट्ट्यासकट मान कलती केली
आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला.