व्यास एकशे बारा

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये, सकाळी सव्वानऊला
जुन्या प्रोग्रॅममधली फाइल नव्यात ओढली
तर साडेतीन मीटरची टाकी
तांब्याएवढी होऊन उतरली.
इंच-मिलिमीटरचं नेहमीचं भांडण.
पंचवीस पूर्णांक चारने गुणलं,
टाकी परत टाकी झाली.

पण गोल राहिली नाही.
फणश्यांनी एका दमात घेतलेला वळसा
त्रेसष्ट सरळ रेघांत मोडला होता.
दुरून गोल,
जवळ गेलं की लहान मुलानं कात्रीनं कापल्यासारखा.

"इम्पोर्ट थई गयुं ने, वृंदाबेन?" पिनाकिनभाई दारातून.
थई गयुं, म्हटलं.
गुरुवारी ही टाकी अंकलेश्वरला पाठवायची होती,
त्यांच्या तिसऱ्याच प्रोग्रॅममध्ये.

मग दिसलं,
बारा वर्षं बंद असलेला एक लेयर
नव्या प्रोग्रॅमनं न विचारता चालू केला होता.
नळ्यांवर, जोडांवर, झाकणावर मुंग्यांसारखं काहीतरी:
डॉलर, तिरप्या रेघा, पौंडाची खूण, उलटं प्रश्नचिन्ह.
वर पिवळी पट्टी. फॉन्ट सापडत नाही. दुर्लक्ष करायचं?
मी हो म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा हो.
तिसऱ्यांदा बोट अडलं,
कारण त्या कचऱ्यात चार चिन्हांची एकच माळ
परत परत येत होती,
आणि कचरा असा
कुणाला हाक मारल्यासारखा परत येत नाही.

दांडिया बाजारात लग्नपत्रिका छापणाऱ्या सुर्व्यांकडे
तो फॉन्ट निघाला. पेनड्राइव्हवर,
गणपतीच्या अकरा चित्रांच्या शेजारी.
"हा आता कोण वापरतं?" म्हणाले. पैसे घेतले नाहीत.
पेनड्राइव्ह मात्र जिना उतरेपर्यंत दोनदा परत मागितला.

अक्षरं उठून बसली. सगळी धड नाहीत;
रफार गळालेले, ऱ्हस्व वेलांट्या
शेजारच्याच्या डोक्यावर.
तरी लागत होतं.

नॉझल तीन मागे घेतला. सोमाचा हात जात नाही.
इथे सोमा आडवा पडून वेल्ड करतो, खाली जागा ठेवणे.
हा कोन माझा नाही.
चष्मा बदलणे.
मॅनहोलजवळची पट्टी सोमाला विचारून.

फणसे जाऊन नऊ वर्षं झाली.
त्यांच्या वेळी या शेडमध्ये मराठी वाचणारं कुणी नव्हतं.
हे कुणासाठी लिहिलं, मला सांगता येणार नाही.

अंकलेश्वरच्या नव्या यादीत
नॉझल तीन पुन्हा पुढे घ्यायचा होता.
चाळीस मिलिमीटर. तेवढंच स्टील वाचतं.

जेवणाच्या सुट्टीत खाली गेले.
सोमा राठवा साठीला आलेला, हाताला सेव-उसळीचा वास.
हातमोजा घाला, म्हटलं, आणि मूठ वळा.
कॅलिपर लावला तसा तो हसायला लागला:
"बंगडी बनावशो, बेन?"
एकशे बारा.

फणश्यांचा लेयर पुढे जाणार नव्हता.
तिकडे तो फॉन्ट नाही, सुर्वे नाहीत.
परत डॉलर, परत मुंग्या,
आणि कुणीतरी दोनदा हो म्हणून मोकळं होईल.
म्हणून नॉझल तीनच्या पोटाशी एक वर्तुळ काढलं,
तुकड्यांचं नाही, खरं,
केंद्र असलेलं, त्रिज्या असलेलं,
आणि ते मावेल इतका नॉझल मागे सारला.

शुक्रवारी तिकडून विचारणा:
हे वर्तुळ कोणत्या भागाचं? यादीत सापडत नाही.
इम्पोर्ट करताना चुकून आलं असावं.
काढून टाकू?

लिहिलं, काढू नका.
व्यास एकशे बारा.
हातमोजा धरून.